कोणतं तळेगाव? एकाच नावाच्या गावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार पेठेत आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या, पंचाहत्तरीच्या पत्रिका छापतो. बाहेरच्यांना वाटतं, घोळ मानपानात होत असेल, कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यात. तो होतोच, पण तो घरच्या घरी मिटतो. खरा घोळ होतो गावाच्या नावात, आणि तो लग्नाच्या दिवशी कळतो. काउंटरवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. यातले काही पत्रिकेशी संबंध नसलेले आहेत. गिऱ्हाईक विचारतं आणि आम्हालाही सांगायला आवडतं, म्हणून तेही ठेवले.

पत्रिकेवर नुसतं ‘तळेगाव, जि. पुणे’ छापलं तर चालेल का?

नाही. या एका ओळीने आमची झोप उडवली होती.

पुणे जिल्ह्यातच दोन मोठी तळेगावं आहेत. तळेगाव दाभाडे मावळ तालुक्यात, मुंबईच्या बाजूला. तळेगाव ढमढेरे शिरूर तालुक्यात, नगर रस्त्यावरच्या शिक्रापूरजवळ. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मजकूर आणला, त्यात फक्त ‘तळेगाव, जि. पुणे’ होतं. त्यांच्या दृष्टीने तळेगाव एकच, त्यांचं, ढमढेऱ्यांचं. आम्हीही प्रूफ वाचलं आणि पुढे ढकललं. नवरीचे मामा मुंबईहून सकाळच्या गाडीने निघाले आणि तळेगाव स्टेशनला उतरले. स्टेशन आहे दाभाड्यांच्या तळेगावात. तिथे रिक्षावाल्याला कार्यालयाचं नाव सांगितलं, त्याने मान हलवली. मग फोनाफोनी.

गंमत अशी, की ही दोन तळेगावं एकाच रस्त्याने जोडलेली आहेत: तळेगाव–चाकण–शिक्रापूर. अंतर पन्नासहून जास्त किलोमीटर, आणि मधे चाकण. चाकणच्या चौकातून भर दुपारी कंटेनरच्या रांगेत जो गेला आहे त्याला पुढचं सांगायला नको. मामा पोहोचले तेव्हा जेवणाची दुसरी पंगत उठत होती. मुलीला बोहल्यावर आणलं ते चुलतमामांनी. मजकूर गिऱ्हाइकाचा होता, पण प्रूफ आम्ही वाचलं होतं, तेव्हा दोष आमचाही.

पण एकाच नावाची इतकी गावं झालीच कशी? कोणी लक्ष देत नव्हतं का?

लक्ष द्यायची गरज नव्हती. गावाचं नाव पडलं ते समोर दिसणाऱ्या वस्तूवरून. वड होता, वडगाव झालं. पिंपळ होता, पिंपळगाव. निंबाचं निमगाव, आंब्याचं आंबेगाव, चिंचेची चिंचोली नाहीतर चिंचवड, बाभळीचं बाभुळगाव, कळंबाचं कळंब. तळं होतं तिथे तळेगाव. आणि महाराष्ट्रात वड, पिंपळ, चिंच कुठे नाही?

दुसरं म्हणजे नाव वेगळं असायची गरज किती लांबपर्यंत होती? आठवड्याच्या बाजाराला चालत जाऊन संध्याकाळी परत यायचं, फार तर लेकीला दोन मुक्कामांवर द्यायची. तेवढ्या टापूत दुसरं वडगाव नसलं की झालं. ‘वडाचं गाव’ एवढं सांगून काम भागत होतं. मावळातल्या माणसाला बारामतीकडच्या वडगावाशी काही देणंघेणं नव्हतं. रेल्वे, टपाल आणि सातबारा आल्यावर ही सगळी वडगावं एका यादीत आली आणि पंचाईत झाली.

मग ‘दाभाडे’, ‘ढमढेरे’ ही आडनावं गावाला का चिकटली?

ही वतनदार घराणी. ज्याच्याकडे पाटीलकी किंवा सरदारकी, त्याचं गाव. दाभाड्यांतले खंडेराव १७१७ साली शाहू महाराजांचे सेनापती झाले. त्यांचं तळेगाव ते तळेगाव दाभाडे. पुण्याभोवती असं पाहत फिरलं तर बखरच हाताला लागते. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, नगर रस्त्यावर लोणी कंद, बारामती तालुक्यात लोणी भापकर. वडगावांचं तर पीक आहे: वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव काशिंबेग. काही ठिकाणी आडनाव नाही, शेजारचं गाव किंवा देव जोडला आहे. हेही सगळे पुणे जिल्ह्यातलेच, कोल्हापूरचं पेठ वडगाव अजून धरलेलंच नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते रांजणगावांचं कुटुंब. रांजणगाव गणपती म्हणजे अष्टविनायकातलं. रांजणगाव सांडस त्याच शिरूर तालुक्यातलं. पारनेर तालुक्यात रांजणगाव मशीद. आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या बाजूला रांजणगाव शेणपुंजी. गणपती, मशीद आणि शेणपुंजी! ज्याने ही नावं ठेवली त्याला पत्ता चुकणं परवडणारं नव्हतं एवढं नक्की. चिंचोलीचंही तसंच. शिरूर तालुक्यातल्या एका चिंचोलीत मोर फार, म्हणून ती मोराची चिंचोली.

तेव्हा आमचं गिऱ्हाइकाला एकच सांगणं असतं: गावाच्या नावातला दुसरा शब्द शोभेचा नाही, तोच खरा पत्ता आहे. पहिला शब्द झाडाचा, दुसरा तुमच्या गावाचा.

‘बु॥’ आणि ‘खु॥’ म्हणजे काय? पाटीवर ‘बीके’ लिहिलेलं असतं ते कोणाचं नाव आहे का?

हिंजवडीत नोकरीला आलेल्या एका मुलाने अगदी मनापासून विचारलेला प्रश्न. त्याला वाटत होतं, कोंढवा बी. के. म्हणजे कोणी बी. के. साहेब होऊन गेले असतील.

बु॥ म्हणजे बुद्रुक, खु॥ म्हणजे खुर्द. दोन्ही फारसीतून आलेले. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, मोठा, त्याचा आपल्याकडे बुद्रुक झाला. ‘खुर्द’ म्हणजे लहान. एका गावाची दोन झाली, किंवा जवळजवळ एकाच नावाची दोन वसली, की मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. निजामशाही–आदिलशाहीच्या दफ्तरातले शब्द, मराठेशाहीतही तसेच राहिले. उत्तरेत याच जोडीला कलां आणि खुर्द म्हणतात.

पुण्यात कोंढवा, वडगाव, आंबेगाव, मांजरी या सगळ्यांच्या बुद्रुक–खुर्द जोड्या आहेत. मांजरीच्या तर मधून नदीच वाहते. मोठं–लहान हे जुन्या काळचं माप आहे बरं का. आज खुर्दात इमारती जास्त आणि बुद्रुकात कमी असंही दिसेल. पत्रिकेवर मात्र आम्ही पूर्ण शब्द छापतो. ती दोन दंडांची खूण छान दिसते, पण नव्या पिढीला वाचता येत नाही, आणि रिक्षावाल्याला मोबाईलवर पत्रिका दाखवणारी तीच पिढी असते.

‘तर्फे’ हा काय प्रकार आहे?

जुना महसुली विभाग, परगण्याच्या पोटातला. पारगाव तर्फे आळे, पारगाव तर्फे खेड अशी नावं उत्तर पुण्यात अजून चालतात. सातबाऱ्यावर ते असेल तर पत्रिकेवरही येऊ द्या. ‘आमंत्रण कोणातर्फे’ असं वाचून कोणी गोंधळेल ही भीती काही जणांना वाटते. आजवर कोणी गोंधळलेलं नाही.

आळंदीला लग्न आहे. अजून काय लिहायचं? आळंदी सगळ्यांना माहीत आहे.

ज्ञानेश्वर महाराजांची आळंदी सगळ्यांना माहीत आहे हे खरं, आणि तिचं पूर्ण नाव आळंदी देवाची. ‘देवाची’ म्हणायची गरज पडली कारण दुसरीही आहे: सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लोणी काळभोरच्या पुढे, आळंदी म्हातोबाची. जुन्या लोकांच्या तोंडी ती चोराची आळंदी. देवाची आणि चोराची, अशी वाटणी.

मजा पुढेच आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात आळंदी नावाचं स्टेशन आहे, पुण्याहून जेजुरी–साताऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर, फुरसुंगी आणि शिंदवण्याच्या मधे. ते या दुसऱ्या बाजूचं. माउलींच्या समाधीला जायचं म्हणून कोणी बाहेरगावचा पाहुणा ते तिकीट काढेल तर त्याला इंद्रायणी काही सापडायची नाही. पत्रिकेवर ‘आळंदी देवाची, ता. खेड’ छापा आणि मोकळे व्हा.

असाच जोड उरुळीचा. उरुळी कांचन सोलापूर रस्त्यावर, जिथे गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम सुरू केला ती. उरुळी देवाची सासवड रस्त्यावर, पुण्याचा कचरा सोसलेली ती.

‘ता. खेड’ म्हणजे कोकणातलं खेड ना?

हाच तो प्रश्न. पुण्याच्या माणसाच्या आयुष्यात तीन खेडं येतात.

पहिलं पुणे–नाशिक रस्त्यावरचं. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचं हे जन्मगाव, म्हणून गावाचं नाव राजगुरुनगर झालं. तालुका मात्र अजून खेडच. त्यामुळे ‘मु. पो. राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे’ असं लिहावं लागतं. एसटीची पाटी राजगुरुनगर म्हणते, म्हातारी माणसं खेड म्हणतात, आणि दोघंही बरोबर. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, कोकण रेल्वेवर ज्याचं स्टेशन आहे ते. तिसरं सातारा रस्त्यावरचं खेड शिवापूर, जे बहुतेकांना टोलनाक्यामुळेच माहीत असतं.

पिनकोड बघा: राजगुरुनगर ४१०५०५, रत्नागिरीतलं खेड ४१५७०९, खेड शिवापूर ४१२२०५. पहिल्या तीन आकड्यांतच तिघं वेगळी झाली.

जिल्हा लिहिला की तालुका कशाला, आणि तालुका लिहिला की जिल्हा कशाला? ओळ लांबते.

तळेगावाला जिल्ह्याने काम भागत नाही, तालुका लागतो. कर्जतला उलट: कर्जत स्वतःच तालुका आहे, आणि तो दोनदा आहे, एक रायगडमध्ये आणि एक अहिल्यानगरमध्ये. तिथे जिल्हाच लागतो. पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसून वडे खायला मिळतात ते रायगडचं कर्जत. दुसऱ्या कर्जतला एसटीने जायचं, आणि दिशाच वेगळी. खंडाळाही तसाच. लोणावळ्याचा खंडाळा सगळ्यांच्या मनात इतका बसलाय, की खंबाटकी घाटापाशी साताऱ्याचा खंडाळा नावाचा अख्खा तालुका आहे हे पुणेकर दर रविवारी त्याच्यातून जाऊनही विसरतो.

शिरूर मोजा: पुण्याचं शिरूर, ज्याला जुने लोक घोडनदी म्हणतात, बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ, आणि लातुरातच शिरूर ताजबंद. कळंब धाराशिवमध्ये आहे, यवतमाळमध्ये आहे, आणि आपल्या मंचरच्या बाजूला नाशिक रस्त्यावरही आहे. आष्टी बीडमध्ये, वर्ध्यात, गडचिरोलीत. ओळ लांबू द्या. टाईप एक पॉइंट बारीक करतो.

आमचं लग्न नांदेडला आहे.

कोणत्या? हे आम्ही विचारलं की गिऱ्हाईक आमच्याकडे असं बघतं जणू आम्हाला भूगोल येत नाही. पण सिंहगड रस्त्यावर नांदेड नावाचं गाव आहे, मुठेच्या काठी, आणि त्याच नावाची मोठी वसाहत आता तिथे उभी आहे. मराठवाड्यातून नोकरीसाठी पुण्यात आलेली कुटुंबं तिथे राहतात, त्यांतली काही थेट गोदावरीकाठच्या नांदेडची. म्हणजे नांदेडचा माणूस नांदेडात राहतो आणि सुट्टीत नांदेडला जातो. असं एक कुटुंब आमचं गिऱ्हाईक आहे. त्यांच्या पत्रिकेत वरपक्ष एका नांदेडचा आणि स्वागत समारंभ दुसऱ्या नांदेडला होता. आम्ही एकावर ‘सिंहगड रस्ता, पुणे’ आणि दुसऱ्यावर जिल्हा छापला, तरी दोन फोन आलेच.

आंबेगावातही असंच फसायला होतं. कात्रजच्या बाजूचं आंबेगाव बुद्रुक वेगळं, आणि जुन्नरच्या दक्षिणेचा आंबेगाव तालुका वेगळा. त्या तालुक्याचं मुख्य गाव घोडेगाव, कारण मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं, नाव तालुक्याला राहिलं.

औंध म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांपुढे आयटीआय रस्ता येतो. साताऱ्याचं औंध पंतप्रतिनिधींचं संस्थान, यमाईचं ठाणं, आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं चित्रांचं संग्रहालय. १९३९ साली या छोट्या संस्थानाने प्रजेला कारभाराचा अधिकार देणारी घटना स्वीकारली होती. सुट्टीत मुलांना तिकडे जरूर न्या, पण पीएमटीने नेऊ नका.

‘मु.’ आणि ‘पो.’ एकच असतं ना?

नेहमी नाही. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. गावात पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एकत्र. नसेल तर मुक्काम एक आणि पोस्ट शेजारच्या मोठ्या गावाचं. हे वेगळं लिहिलं की आपोआप कळतं की तुमची वाडी कोणत्या टापूतली. एकाच नावाच्या दहा वाड्या असतील, पण पोस्ट वेगळं.

पिनकोड लिहायलाच हवा का? पत्रिका तर आम्ही हाताने वाटतो.

हाताने वाटा, पण लिहा. पिनकोडचा जन्मच या दुखण्यावर औषध म्हणून झाला. भारतभर एकाच नावाची गावं, त्यात प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक हस्ताक्षरात पत्ता निराळा. टपाल वर्गीकरण करणाऱ्याने काय करायचं? श्रीराम भिकाजी वेलणकर तेव्हा केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी ही सहा आकड्यांची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. शब्दांत रमणाऱ्या माणसाने शब्दांचा घोळ आकड्यांनी सोडवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

पहिला आकडा विभागाचा. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. नऊ सैन्याच्या टपालाला. पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. तळेगाव दाभाडे ४१०५०६, तळेगाव ढमढेरे ४१२२०८. मामांच्या हातातल्या पत्रिकेवर हे सहा आकडे असते तर निदान त्यांच्या भाच्याने फोनवर टाकून पाहिले असते.

रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्टेशनचं नाव द्यावं का?

द्या, पण आधी तपासा, कारण गाव आणि स्टेशन यांची नावं जुळतीलच असं नाही. श्रीरामपूरचं उदाहरण घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातलं एवढं मोठं बाजारपेठेचं गाव, पण दौंड–मनमाड मार्गावरच्या त्याच्या स्टेशनचं नाव वर्षानुवर्षं बेलापूर. मूळ बेलापूर गाव जवळच आहे. पत्रिकेवर ‘बेलापूर स्टेशन’ एवढंच छापलं, तर मुंबईचा पाहुणा हार्बरची लोकल पकडून नवी मुंबईत उतरणार आणि चुकलं कुणाचं म्हणाल तर त्याचं नाही. रेल्वेचा स्वतःचा उपाय म्हणजे स्टेशनचा संकेत. तो दोन स्टेशनांना सारखा नसतो. आरक्षण करताना नावाऐवजी तो पाहावा.

श्रीरामपूरला मराठीतलं पहिलं छापील पुस्तक झालं म्हणतात, खरं का?

हा प्रश्न एका मास्तरांनी छापखान्यात उभं राहून विचारला, आणि आम्ही शाईचा हात पुसून त्यांना खुर्ची दिली.

तो श्रीरामपूर आपला नव्हे. बंगालमधला, कोलकात्याच्या वर, हुगळीच्या काठचा. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. तेव्हा तो डेन्मार्कच्या ताब्यात होता, १८४५ साली इंग्रजांनी विकत घेतला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरे आणि त्यांचे सोबती डॅनिश वसाहतीत जाऊन राहिले आणि तिथे छापखाना काढला. कॅरे यांचं मराठी व्याकरण तिथून १८०५ साली निघालं, आणि १८१० साली मराठी कोश, तोही मोडी टाईपात. म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी सुरुवातीची पानं नगर जिल्ह्यात नव्हे, बंगालमध्ये छापली गेली. नगरचा श्रीरामपूर त्या काळी या नावाने अस्तित्वातही नव्हता. ‘श्रीरामपूर’ वाचून किती जणांनी अभिमानाने चुकीच्या गावाकडे बोट दाखवलं असेल!

इतिहासात वाचलेलं गाव नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं?

भोवतालची गावं बघून. जानेवारी १७७९ मधला वडगावचा तह हा वडगाव मावळचा. पुण्यावर चाल करून आलेली इंग्रज फौज तळेगावापर्यंत पोहोचली होती. महादजी शिंद्यांच्या सैन्याने कोंडी केल्यावर तोफा तिथल्या तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावात अडकली. ते तळेगाव दाभाड्यांचं. घाट उतरून मुंबईकडे परतायचं तर वाटेत वडगाव मावळच लागणार, वडगाव शेरी नाही. १८१८ च्या १ जानेवारीचं कोरेगाव भीमेकाठचं, सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका नव्हे आणि कोरेगाव पार्क तर नव्हेच. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला बापू गोखले पडले ते आष्टी सोलापूर जिल्ह्यातलं.

कल्याणचं कोडं जरा अवघड. चालुक्यांची राजधानी कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, ठाण्याचं नव्हे. आणि सिंहगडाचा कल्याण दरवाजा? तो ना ठाण्याचा, ना बिदरचा. त्या बाजूने गड उतरलं की पायथ्याला कल्याण नावाचंच गाव आहे. दर शनिवारी गड चढणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. ते पुणे दरवाजाने जाऊन भजी खाऊन परत येतात.

इंग्रजी पत्रिकेत काही वेगळी काळजी घ्यायची का?

हो, कारण रोमन लिपीत ‘ळ’ मरतो. नाशिकचं मालेगाव, वाशिमचं मालेगाव, बारामतीचं माळेगाव, खंडोबाच्या यात्रेचं नांदेडकडचं माळेगाव: मराठीत निदान दोन गट पडतात, इंग्रजीत चौघंही एका ओळीत. अकोला आणि अकोले, खराडी आणि खर्डी, दापोडी आणि दापोली यांतही एकेका अक्षराचाच फरक. इंग्रजी मजकुरात जिल्हा आणि पिनकोड न चुकता. यावर वाद घालू नका.

गावाचं नाव बदललं आहे. जुनं लिहू की नवं?

नवं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव २०२३ पासून, अहिल्यानगर २०२४ पासून. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, तेव्हा नव्या नावाने तो एक गोंधळ मिटला. पण पुण्याच्या माणसाला दुसरा मिळाला: चिंचवडमध्ये संभाजीनगर नावाचा भाग आहे. ‘संभाजीनगरला साखरपुडा’ म्हटलं की अर्ध्या तासाचा प्रवास की पाच तासांचा, हे विचारून घ्यावं लागतं. तिथे ‘छत्रपती’ आणि ‘चिंचवड’ हे शब्द गाळू नका.

गौरवाची नावं ही मुळातच पुनरावृत्तीची. आपलं शिवाजीनगर पूर्वी भांबुर्डे होतं, आणि भांबुर्डे सांगितलं असतं तर कोणी चुकलं नसतं. आज शिवाजीनगर मुंबईत आहे, बंगळुरूत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. पुण्यातल्या गणेशनगरांची आणि साईनगरांची तर मोजदादच नको. तिथे जवळचा चौक किंवा बसथांबा द्या. पेठांचंही तेच: मंगळवार, शुक्रवार, शनिवार या पेठा काही पुण्याची मिरास नाहीत. कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कऱ्हाड, सगळीकडे वारांचे बाजार भरत होते.

आजोबांचं जन्मगाव हैदराबाद छापायचं आहे. कंसात काही लिहायला हवं का?

पिंपरीच्या एका सिंधी कुटुंबाने आजोबांच्या पंचाहत्तरीला हे विचारलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची छावणी पिंपरीत होती, तिथून हे घर उभं राहिलेलं. मजकुरात ‘जन्म: हैदराबाद’ एवढंच होतं, आणि नातवंडांनाही आजोबा चारमिनारच्या गावचे वाटत होते. सिंधचं हैदराबाद १७६८ साली मियां गुलाम शाह कल्होडो यांनी वसवलं. दख्खनचं १५९१ चं, मुहम्मद कुली कुतुबशहाचं. रेल्वेने आपल्याकडच्या स्टेशनला ‘हैदराबाद दक्कन’ म्हटलं ते याच कारणासाठी. आम्ही ‘हैदराबाद (सिंध)’ छापलं. आजोबा पत्रिका घ्यायला स्वतः आले आणि तो कंस बराच वेळ बघत बसले.

मुलगा केंब्रिजला आहे. देश लिहायचा का?

लिहा. विद्यापीठाचं केंब्रिज इंग्लंडमध्ये, आणि हार्वर्ड ज्या गावात आहे ते केंब्रिज अमेरिकेत. विहीणबाई विचारणारच. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात, सॅन होजे कॅलिफोर्नियात आणि कोस्टा रिकात. ओरेगनमधल्या पोर्टलंडचं नाव तर १८४५ साली नाणं उडवून ठरलं. वसाहत करणाऱ्या दोघांपैकी एक मेनमधल्या पोर्टलंडचा, दुसरा बॉस्टनचा. नाणं उलटं पडलं असतं तर आज दुसरं बॉस्टन असतं. त्याच ओरेगनमध्ये मद्रास आहे, कापडाच्या ताग्यावरून नाव पडलेलं. ऑस्ट्रेलियाच्या सिडनीचं तिकीट समजून कॅनडाच्या सिडनीला पोहोचलेले प्रवासीही बातम्यांत येऊन गेले आहेत. त्यांच्यापुढे आमचे मामा काहीच नाहीत.

पुणे तरी एकच आहे ना?

दुखावू नका, पण सुरतेत पुणा नावाचा भाग आहे आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर पूना नावाचं छोटं गाव आहे. पत्रिकेवर ‘पुणे’ एवढं पुरतं. क्वीन्सलंडला कोणी जाणार नाही.

लोकेशनचा क्यूआर कोड छापला की हे सगळं कशाला?

छापा, आम्हीच छापून देतो. पण कोड तुम्ही स्वतः कार्यालयाच्या दारात उभं राहून काढलेल्या ठिकाणाचा असू द्या. घरी बसून नाव टाकून शोधलं तर नकाशा जवळचं आधी दाखवतो, आणि एकाच नावाची लॉन्स दर फाट्यावर आहेत. शिवाय घरातली पंचाहत्तरीची माणसं कोड स्कॅन करत नाहीत. ती पत्रिका वाचतात, चष्मा वर-खाली करून, शेवटच्या ओळीपर्यंत.

पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटल्या, आणि आता चूक लक्षात आली. काय करता येईल?

वाटलेल्यांना फोन. मेसेज नको, फोन. मामा, आत्या आणि गुरुजी आधी. उरलेल्यांवर आम्ही छोटी पट्टी चिकटवून देतो किंवा शिक्का मारतो. पुन्हा छापायला वेळ असेल तर कागदाचा खर्च तेवढा घेतो.

तळेगावच्या त्या लग्नानंतर धाकट्या बहिणीच्या पत्रिकाही आमच्याकडेच आल्या. मजकूर जुन्यावरूनच उतरवलेला, आणि चूक कळली ती शंभर प्रती छापून झाल्यावर. त्या रात्री आम्ही ‘ढमढेरे, ता. शिरूर’ असा रबरी शिक्का करून घेतला आणि एकेका पत्रिकेवर हाताने मारला, थोडा तिरका आला तरी. तो शिक्का अजून काउंटरच्या खणात आहे. त्याच्या शेजारी आता ‘दाभाडे, ता. मावळ’ असा दुसराही आहे.